खैरनार मावशींची की-रूम

खैरनार मावशींचा फोन आला तेव्हा मी सिन्नरला चुलत बहिणीच्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभी होते. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती. मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मंडपाबाहेर जाऊन उचलला.

"ताई, बावन्न नंबर कुठंय?"

मला आधी कळेचना. मग पर्समध्ये हात घातला आणि बोटांना रेकॉर्ड रूमची चावी लागली. सकाळी दोन तास कामावर जाऊन घाईघाईत एसटी पकडली होती, त्या गडबडीत चावी जमा करायची राहून गेली होती.

"अय्या, माझ्याकडेच राहिली मावशी. उद्या आल्या आल्या देते."

"उद्या नाय. आत्ता."

"अहो, मी सिन्नरला आहे. लग्नात."

"कुणाच्या बी लग्नात असा. चावी दवाखान्यात पायजे."

"तुमच्याकडे दुसरी आहे ना? ती वापरा ना आजच्या दिवस."

"दुसरी वापरता येती. पण पहिली गावाबाहेर गेली म्हंजी ते कुलूपच बदलावं लागतं. बदलू का? वहीत तुमचं नाव लिहून बदलते."

नोकरीला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. नाव लिहिलं जाण्याची भीती वाटली. आईला काहीतरी थाप मारून मी नाशिकची एसटी धरली. वाटेत मोह गावाजवळ ट्रॅफिक लागलं, उन्हात गाडी उभी राहिली, आणि मी मनातल्या मनात त्या बाईला जे जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दवाखान्यात पोचले. मावशींनी चावी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वहीत वेळ टाकली, माझ्याकडून सही घेतली. मग विचारलं, "जेवलात का?"

"कुठून जेवणार!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी टेबलाखालून डबा काढला. बाजरीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. त्यातली अर्धी भाकरी माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, "खा आन लगेच निघा. वरात तरी गावंल."

वरात सापडली. पण तो ठेचा मला लग्नाच्या जेवणापेक्षा जास्त लक्षात राहिला.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं. शहराच्या त्र्यंबक बाजूला, जुनं, दगडी पायाचं, त्यावर नंतर चढवलेले तीन मजले. मी तिथे रेकॉर्ड विभागात, म्हणजे पेशंटांचे जुने कागद सांभाळणाऱ्या खोलीत. आणि खाली जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत खैरनार मावशी. खोलीवर ‘की-रूम’ अशी पाटी होती. आत भिंतभर लाकडी फळी, फळीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला एक चावी आणि चावीला एक पितळी बिल्ला. शेजारी दोन कुलपांचं लोखंडी कपाट. त्यात दुसऱ्या चाव्या, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, पाकीट चिकटवून तोंडावर दोघांच्या सह्या. पाकीट उघडलं तर सही फाटणार, म्हणजे गुपचूप उघडायची सोयच नाही. ही पद्धत कुणी पुस्तकातून शिकवलेली नव्हती. मावशी आया म्हणून लागल्या होत्या. आधीचा चाव्या सांभाळणारा माणूस काम सोडून गेला तेव्हा ‘चार दिवस बसा’ म्हणून त्यांना तिथे बसवलं गेलं, आणि त्या अठरा वर्षं बसल्या.

शिक्षण सातवीपर्यंत, माहेर-सासर दोन्ही सटाण्याकडचं. उंच, काटक बाई. हॉस्पिटलची निळ्या काठाची साडी, तिचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, तोंडात कायम एक लवंग. सकाळी पावणेआठला पंचवटीकडून येणाऱ्या सिटी बसमधून उतरायच्या, चप्पल बाहेर काढायच्या आणि फळीसमोर उभं राहून डावीकडून उजवीकडे बोट फिरवत सगळ्या चाव्या मोजायच्या. मोजून झालं की स्वतःशीच म्हणायच्या, "बठ्ठ्या शेतस." सगळ्या आहेत. एरवी आमच्याशी त्या नाशिककडचं मराठी बोलत, पण मोजणी आणि राग या दोन गोष्टी त्यांच्या अहिराणीतच व्हायच्या.

बिल्ल्यावर फक्त आकडा असे. कुठला आकडा कुठल्या दाराचा, हे एका वहीत लिहिलेलं होतं आणि ती वही लोखंडी कपाटात. एकदा नव्या स्टोअर ऑफिसरने हौसेनं सगळ्या चाव्यांना रंगीत लेबलं छापून आणली: ‘औषध भांडार’, ‘ऑपरेशन थिएटर २’, ‘लेखा विभाग’. मावशींनी ती लेबलं बघितली आणि त्याला शांतपणे विचारलं, "सायेब, तुमची चावी बसमध्ये पडली. ज्याला गावंल त्याला काय कळंल?" तो म्हणाला, "कळेल की कुठली आहे, आणून देईल." मावशी म्हणाल्या, "आणून देणारा असला तर देईल. नसला तर त्याला पत्ता आपणच छापून दिला." लेबलं नंतर बालरोग वॉर्डात मुलांच्या वह्यांवर चिकटलेली दिसली.

त्यांना चावी बोटात अडकवून खुळखुळवत येणारा माणूस आवडत नसे. "खुळखुळा हाय का तो?" असं भर कॉरिडॉरमध्ये विचारायच्या, मग समोर डॉक्टर असो की वॉर्डबॉय. चावी काउंटरवर फेकलेली तर चालायचीच नाही. तळहातावर द्यायची, तळहातावर घ्यायची. महिन्यातून एकदा शिसपेन्सिलीचा चुरा कागदात बांधून त्या सगळ्या मजल्यांवर फिरत आणि कुलपांच्या भोकांत तो चुरा फुंकत. तेल का घालत नाही विचारलं तर म्हणाल्या, "तेलानं धूळ धरती. चार महिन्यांनी कुलूप आवळतं. शिसं सुकं राहतं." माझ्या टेबलावरच्या पेन्सिलींचे तुकडे मी त्यांच्यासाठी जमवून ठेवू लागले. आमची मैत्री तिथून झाली, असं मला वाटतं. त्यांना काय वाटत होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण मैत्री झाल्यावरही त्या माझी पर्स तपासल्याशिवाय मला संध्याकाळी सोडत नसत.

स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. इलेक्ट्रिशियनने एकदा मीटर रूमचं कुलूप उघडं टाकलं म्हणून त्याच्याशी त्या तीन वर्षं बोलल्या नाहीत. चावी देताना फक्त वही पुढे करायच्या. चारचौघांत माणसाला टाकून बोलायच्या. नवीन नर्सेस त्यांना घाबरायच्या. पण हीच बाई कुलपाच्या विरोधात भांडताना मी पाहिली आहे, आणि तेव्हापासून माझं त्यांच्याबद्दलचं मत कायमचं बदललं.

प्रसूती विभागाच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक जिना आहे, आग वगैरे लागली तर उतरायचा. भेटीची वेळ संपली की नातेवाईक त्या जिन्यानं वर चढायचे. म्हणून सिक्युरिटीचे प्रमुख जाधवसाहेबांनी त्या दाराला साखळी घालून मोठं कुलूप ठोकलं आणि चावी स्वतःच्या जुडग्यात लावली. मावशींना कळलं तेव्हा त्या वर गेल्या, कुलूप बघितलं आणि सरळ मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या केबिनमध्ये शिरल्या. सुपरिंटेंडेंटना सगळे ‘मोठे सर’ म्हणत. मी तिथे फायली घेऊन उभी होते.

"सर, मागच्या जिन्याचं कुलूप काढायला सांगा."

मोठे सर हसले. "मावशी, तुम्ही चाव्यांच्या बाई, आणि कुलूप काढा म्हणता?"

"चाव्यांची हाय म्हणूनच म्हणते. पाच मिनिटं वर चला."

मोठे सर खरोखरच उठले. वर जाधवसाहेबांना बोलावलं गेलं. मावशी म्हणाल्या, "सायेब, आग लागली. उघडा." आणि मोठ्यांदा आकडे मोजू लागल्या. "एक. दोन. तीन." जाधवसाहेबांनी जुडगा काढला. पहिली चावी लागेना. दुसरी लागेना. मागे खोलीतून बाळंतिणी डोकावायला लागल्या. मावशी मोजतच होत्या, आवाज वर न चढवता, खाली न आणता. साहेबांच्या मिशीवर घाम आला. कुलूप निघालं तेव्हा आकडा एकोणसत्तरावर होता, आणि साखळी सोडवेपर्यंत ऐंशी.

मोठे सर त्या खोलीतल्या बायकांकडे आणि त्यांच्या कुशीतल्या गुंडाळ्यांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी साखळी गेली, दाराला आतून ढकललं की उघडणारी कडी आणि वाजणारी घंटा बसली. जाधवसाहेब मात्र मोठ्या मनाचे. तेच पुढे सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगत, फक्त आकडा पन्नासपर्यंत खाली आणत.

मॉर्च्युरीची चावी फळीवर नसायची. ती एकच चावी मावशींच्या कमरेला असे. मॉर्च्युरीचा माणूस चहाला गेला तरी चावी जमा करून जायचा, असा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. एकदा पेठकडून एक म्हातारा आला होता, मुलाचं शरीर न्यायला. मराठी तुटक बोलायचा, कागदपत्रं पुरी होत नव्हती, इकडून तिकडे पाठवत होते. मावशींनी की-रूमची खिडकी लावली (हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं), त्याला घेऊन एकेका टेबलाशी गेल्या, शेवटी माझ्याकडे. "ताई, ह्यांचा कागद आधी करा." कागद झाला. दार त्यांनी स्वतः उघडलं आणि तो बाहेर येईपर्यंत भिंतीशी उभ्या राहिल्या.

त्या दिवशी दुपारी मी त्यांना याचं कारण विचारलं. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"मालक टेम्पो चालवायचे. टमाटे घेऊन गेलते, गाडी उलटली. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलंय म्हणून निरोप आला. आम्ही सकाळी गेलो. पोरगी कडेवर. तिथला चावीवाला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलता, चावी खिशात घेऊन. दुपार झाली तरी आला नाय." मग म्हणाल्या, "माणूस गेला त्याचं रडू बी आलं नाय तवा. कुलपाकडंच बघत बसले."

मला सिन्नरची ती एसटी आठवली. मोह गावाजवळ मी मनात त्यांना काय काय म्हणाले होते तेही आठवलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

आयसीयूतल्या एका कपाटात मॉर्फिनची इंजेक्शनं असत. वेदना थांबवणारं औषध, पण चुकीच्या हातात गेलं तर व्यसन लावणारं. म्हणून त्या कपाटाची चावी वॉर्डात ठेवायची नाही, की-रूममध्ये ठेवायची, आणि लागेल तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरनं स्वतः येऊन सही करून न्यायची, असा कडक नियम. एका संध्याकाळी मोजणीत दोन इंजेक्शनं कमी भरली. वहीत त्या दिवशी ती चावी एकदाच गेली होती. सही होती यमुना गावितची.

यमुना सुरगाण्याकडची. तेवीस-चोवीस वर्षांची, तिच्या पाड्यावरची पहिली नर्स. चौकशी समिती बसली. मेट्रन, फार्मसीचे प्रमुख आणि मोठे सर. जबाब टाइप करायला मला बसवलं, कारण माझं मराठी टायपिंग बरं होतं. यमुना म्हणत होती, "मी एकच काढलं, पेशंटला दिलं, केसपेपरवर लिहिलंय. बाकी मला नाही माहीत." पण वही एकाच नावाकडे बोट दाखवत होती. तिला घरी पाठवलं, आणि पोलिसात द्यायचं की नाही ते सोमवारी ठरणार होतं. तक्रार झाली असती तर तिचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही धोक्यात होतं.

शनिवारी दुपारी पेन्सिलीचे तुकडे द्यायला मी की-रूममध्ये गेले. मावशी फळीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"ताई, माझ्याकडनं चूक झालीय."

इंजेक्शनं कमी भरली त्या दिवशी दुपारी विंचूरच्या रस्त्यावर जीप उलटून सहा-सात जखमी एकदम आले होते. सगळीकडे धावपळ. त्या गर्दीत ऑपरेशन थिएटरचा एक टेक्निशियन खिडकीशी आला, हातात ग्लोव्ह्ज, ग्लोव्ह्जना रक्त. म्हणाला, आयसीयूच्या सिस्टरनं मॉर्फिनच्या कपाटाची चावी मागवलीय, पेशंट ओरडतोय. मावशींनी दिली. सही घ्यायची कशी, हात तसे भरलेले. मागाहून लिहू म्हणाल्या. दहा मिनिटांत चावी परत आली, तेवढ्यात दुसरा कुणी आला, तिसरा आला, आणि लिहायचं राहून गेलं. यमुना चावी घेऊन गेली होती ती त्याच्या दोन तास आधी.

"मला काल सांजच्याला आठवलं," त्या म्हणाल्या. "भाकरी थापता थापता."

मी दार लोटून घेतलं. जे बोलले ते बोलायला नको होतं, पण बोलले. "मावशी, हे कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाय."

"मग गप्प बसा. तुमची दोन वर्षं राहिलीत. सही न घेता मॉर्फिनची चावी दिली म्हणजे घरीच पाठवतील तुम्हाला."

"आन ती पोरगी?"

"तिनं घेतलं नसेल तर ते सिद्ध होईलच की."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादं पोर गणित चुकलं की आपण बघतो तसं.

"कशावरून होईल सिद्ध? वहीवरूनच ना? आन वही तर मीच लिहिती."

सोमवारी समिती बसायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या. लवंग नव्हती तोंडात. आत आल्या, खुर्ची देऊ केली तरी बसल्या नाहीत. सगळं सांगितलं, टेक्निशियनचं नाव, वेळ, तो कुठल्या हातानं चावी घेऊन गेला तेसुद्धा. मेट्रन म्हणाल्या, "इतक्या दिवसांनी आठवलं तुम्हाला?" मावशी म्हणाल्या, "व्हय. आधी आठवलं असतं तर आधी सांगितलं असतं. शुक्रवार सांजपासून हायेच डोक्यात, पण शनिवारी सर नव्हते."

मी जबाब टाइप केला. त्यांना वाचवायचं माझ्या मनात होतंच. मी लिहिलं, ‘गर्दीमुळे नजरचुकीने नोंद करण्याचे राहून गेले.’ रीतीप्रमाणे त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"नजरचूक नव्हती. नजरेसमोरच होतं. चावी सही न घेता दिली, असं लिहा."

"मावशी, अर्थ तोच होतो," मी पुटपुटले.

"नाय होत. राहून गेलं म्हंजी वहीचं चुकलं. दिली म्हंजी माझं चुकलं."

मोठे सर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "त्या म्हणतात तसं लिहा."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. मोठी, गोल अक्षरं, शेवटच्या ‘र’चा पाय लांब.

त्या दहा मिनिटांचं आयसीयूतल्या कॅमेऱ्यातलं चित्रण तोवर कुणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांनी यमुनाच्या वेळेचंच पाहिलं होतं. आता बघितलं. टेक्निशियन कपाटाशी दिसला. आयसीयूतल्या कुणीही त्याला पाठवलं नव्हतं. पुढे त्याचं काय झालं तो वेगळा विषय. त्यालाही उपचाराची गरज होती एवढंच म्हणते. यमुना त्याच आठवड्यात कामावर आली. ती सरळ की-रूमकडे गेली, पण तिथे मावशी नव्हत्या.

मावशींना मेमो मिळाला होता, आणि बदली धुलाई विभागात. तळघरात, मशिनींच्या वाफेत, चादरी मोजायच्या. मी भेटायला गेले तर त्यांनी मान वर केली नाही. दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटायचं, त्या शनिवारच्या सल्ल्याचा राग असेल. नंतर एकदा त्यांनीच सांगितलं, "तुमचा राग नव्हता ओ. माझाच होता. तुम्ही समोर आलात की वाटायचं, हिनं सांगितलं तवा क्षणभर बरं वाटलं होतं मला. गप्प बसावं वाटलं होतं." एवढं बोलून त्या पुन्हा चादरी मोजायला लागल्या.

इकडे की-रूममध्ये सिक्युरिटीची मुलं आळीपाळीनं बसू लागली. महिनाभरात चार चाव्या गेल्या. लिफ्टच्या खोलीची चावी कुणी तरी त्र्यंबकेश्वरला दर्शनाला घेऊन गेलं आणि तिसऱ्या दिवशी प्रसादासकट परत आणली. ब्लड बँकेचं दार एकदा अर्धा तास उघडलं नाही. नशीब की रक्त दुसरीकडून मिळालं. त्या दिवशी मोठे सर स्वतः तळघरात उतरले. सोबत कुणी नव्हतं, पण धुलाईतल्या बायकांनी सगळं ऐकलं आणि अर्ध्या तासात हॉस्पिटलभर झालं.

सर म्हणाले, "मावशी, उद्यापासून वर या."

मावशी म्हणाल्या, "येते. पण नियम बदलायचा. ज्याचे हात भरलेत त्यानं नाव मोठ्यानं सांगायचं, मी लिहायचं, आन शेजारी जो उभा असंल त्यानं ऐकल्याची सही करायची. हात भरलेले पुन्हा येणारच. दवाखाना हाय."

तो नियम आजही आहे. जखमींची गर्दी असली की खिडकीशी कुणीतरी ओरडतं, "आयसीयू, सिस्टर गावित!" आणि मागे उभा असलेला कुणी अनोळखी नातेवाईक गोंधळून वहीत सही करतो. यमुना दर उन्हाळ्यात गावाहून आली की नागलीचे पापड आणायची. मावशी ते घ्यायच्या, आणि तिच्याकडून सही मात्र इतरांपेक्षा जरा जास्तच निरखून घ्यायच्या.

त्यांच्या शेवटच्या वर्षी दारांना कार्डवाली कुलपं बसली; कपाटांच्या चाव्या तेवढ्या खाली फळीवर राहिल्या. आम्हाला वाटलं, मावशी रुसणार. झालं उलटंच. कुलपं बसवणाऱ्या इंजिनिअरच्या मागे त्या चार दिवस मजल्यामजल्यावर फिरल्या आणि एके ठिकाणी त्याला थांबवून विचारलं, "लाईट गेली तर हे दार उघडं राहतं का बंद?"

तो म्हणाला, "जसं सेट करू तसं."

"मग आयसीयूचं उघडं राहू द्या. औषधाचं बंद. उलटं केलं तर माणूस आत अडकंल आन औषध बाहेर जाईल."

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "मावशी, याआधी कुठं काम केलंय तुम्ही?"

"इथंच."

मला मात्र त्या म्हणाल्या, "बरं झालं ताई. आता कोण कधी आत गेलं ते मशीन सांगंल. लोकांना माझं तोंड बघावं लागणार नाय."

निवृत्तीच्या दिवशी दुपारी छोटा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, गुलाबांचा गुच्छ. जाधवसाहेबांनी जिन्याची गोष्ट सांगितली आणि आकडा चाळीसवर आणला. मावशींना बोलायला उभं केलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या जागी आलेल्या नवीन पोरीला त्रास देऊ नका. ती माझ्यापेक्षा हुशार हाय, पण अजून तिला ओरडता येत नाय." लोक हसले. बाहेर त्यांची मुलगी रिक्षा घेऊन थांबली होती. मी पोचवायला निघाले.

कॅज्युअल्टीच्या दारातून आम्ही बाहेर पडत होतो तेवढ्यात ॲम्ब्युलन्स लागली. स्ट्रेचर आत येत होतं. त्या दाराचे दोन्ही पल्ले जड आहेत, सोडले की आपोआप मिटतात. मावशींनी नारळ-गुच्छ माझ्या हातात कोंबले, शाल खांद्यावरून घसरली ती तशीच सोडली, आणि पाठ टेकवून एक पल्ला उघडा धरून ठेवला. स्ट्रेचर गेलं. मागून वॉर्डबॉय गेला, सलाईन धरलेला मुलगा गेला, दोन माणसं धावत गेली. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी, अनवाणी, हातात पेशंटच्या चपला घेऊन. ती दारात थांबली. कुठे जायचं ते तिला कळत नव्हतं.

"बाई, तू दवाखान्यातली हायेस का गं?" तिनं मावशींना विचारलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही, रिक्षाकडेही बघितलं नाही.

"होते," त्या म्हणाल्या. "चला, दावते तुम्हाला. त्या चपला द्या माझ्याकडं."

म्हातारीचा हात धरून त्या आत वळल्या. पल्ला हळूहळू मिटला. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि त्याला म्हणाली, "थांबा हो भाऊ. वेळ लागेल."